दोर सैल कधी सोडायचा?



पलासिया गटात मुलांच्या सुट्टीचा विषय निघाला. तीन-चार घरची मुलं या उन्हाळ्यात घोडेस्वारी शिकायला जाणार आहेत. कुणीतरी विचारलं, "त्यात शिकायचं काय? बसलं की घोडा चालतो!" म्हणून या आठवड्याचा पाठ घोड्यावर घेतला आहे. ज्यांचा घोड्याशी काही संबंध नाही त्यांनीही पूर्ण वाचावा. आई-बाबांनी आणि आजी-आजोबांनी तर नक्की.

*१. आधी घोडा समजून घेऊ*

घोडा हा गवत खाणारा, कळपात राहणारा जीव. वाघासारखे पंजे त्याला नाहीत. संकट आलं की पळायचं, एवढंच त्याचं संरक्षण. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं एकदम दिसतं. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढ्यातलं आणि शेपटीच्या थेट मागचं. मागून अचानक गेलेल्या माणसाला लाथ बसते ती बहुतेक वेळा भीतीने. आपण मात्र लगेच म्हणतो, "घोडा खोडकर आहे."

अंगावर माशी बसली की घोडा नेमकी तेवढीच कातडी थरथरवून ती उडवतो. इतकी बारीक जाणीव असलेल्या जनावराला टाच लागलेली कळत नसेल का? कळते. तरीही काही घोडे दहा टाचा मारल्याशिवाय हलत नाहीत. असं का होतं, तेच आज पाहायचं आहे.

*२. दाब आणि सैल*

समजा, आठ वर्षांची मुलगी तट्टाचा दोर धरून उभी आहे. तट्टू दोनशे किलोचं, मुलगी पंचवीस किलोची. ती दोर ओढते, तट्टू मान ताठ करून उलट ओढतं. ही रस्सीखेच ती कधीच जिंकणार नाही. बाजूचा मोठा माणूस ओरडतो, "हिसका मार!" हिसका बसला की तट्टू डोकं वर करतं, दोन पावलं येतं आणि पुन्हा थांबतं.

आता दुसरी रीत. मुलीने दोर हलकेच ताणायचा आणि तेवढाच ताण ठेवून थांबायचं. वाढवायचा नाही, सोडायचा नाही. तट्टू विचार करतं. थोड्या वेळाने अंगाचा भार किंचित पुढे घेतं, अजून पाऊलही उचललेलं नसतं. *त्याच क्षणी दोर सैल सोडायचा.* पाऊल पडेपर्यंत वाट पाहायची नाही. तट्टाला कळतं, "पुढे झुकलो की मोकळीक मिळते." दुसऱ्या वेळी ते लवकर झुकतं. पुढे पुढे दोर ताणावाच लागत नाही, मुलगी चालायला लागली की तट्टू बरोबर चालतं.

म्हणजे ताण नुसता प्रश्न विचारतो. घोडा शिकतो तो सैल सोडण्याच्या क्षणातून. यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

• तट्टू मागे ओढत असताना कंटाळून दोर सोडला, तर ते शिकतं की ओढलं की सुटका होते.
• ऐकल्यावरही दोर ताणलेलाच ठेवला, तर ते शिकतं की ऐकून काही फायदा नाही. मग ते बधिर होतं. दहा टाचा लागणारे घोडे असेच तयार होतात.
• वेळेवर सोडला, तर पुढच्या वेळी इशारा अर्ध्याने पुरतो.

*३. ही रीत आली कुठून?*

सुमारे २३५० वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीने घोड्यांवर एक ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधीही वागू नये, असं त्याने त्यात बजावून सांगितलं आहे. आपल्या काळात ही रीत पुन्हा पुढे आणली ती अमेरिकेतल्या गुरं राखणाऱ्या माणसांनी. त्यात टॉम डॉरन्स (१९१०–२००३) आणि रे हंट (१९२९–२००९) ही नावं मोठी. घोड्याला मोडून वश करण्याची चाल तिकडे रूढ होती. घोडा बिघडला असं वाटलं तर आधी आपलं काय चुकतंय ते पाहा, असा या दोघांचा आग्रह.

रे हंट यांच्याकडे शिकलेले बक ब्रॅनमन हे आजचे नावाजलेले शिक्षक. लहानपणी ते आणि त्यांचा भाऊ दोरीचे खेळ करून दाखवत. वडील दोघांना फार मारत. शेवटी मुलांना त्या घरातून काढून दुसऱ्या कुटुंबाकडे द्यावं लागलं. त्यांच्यावर २०११ साली 'बक' नावाचा माहितीपट निघाला. भेदरलेला घोडा आतून कसा असतो हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मार खाल्लेलं मूल मोठेपणी मारणारंच होतं असं काही नाही, हेही त्यांच्याकडे पाहून कळतं. पण त्यासाठी मधे कुणीतरी हात सैल करावा लागतो.

आता आपल्या इंदूरचंच उदाहरण. २६ सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाजमध्ये सुवर्णपदक मिळवलं. घोडेस्वारीत भारताला १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी मिळालेलं हे सुवर्ण. त्या चौघांपैकी सुदीप्ती हजेला ही आपल्या इंदूरची मुलगी. ड्रेसाजमध्ये घोडा ठरलेल्या हालचाली करून दाखवतो. स्वाराने तोंडाने आवाज काढला तर गुण कापले जातात. बैठक, पाय आणि हात यांचे इशारे जितके कमी दिसतील तितकं चांगलं. इतक्या वरच्या पातळीवरही शेवटी पाहिलं जातं ते हेच, की घोडा किती हलक्या इशाऱ्याने आणि किती मोकळेपणाने ऐकतो.

*४. मुलांनी सुरुवात कशी करावी*

पहिले काही दिवस घोड्यावर बसायचंच नाही, जमिनीवरचा अभ्यास करायचा. शिक्षक किंवा मोतद्दार कायम शेजारी हवा.

१) समोरून किंवा मागून जायचं नाही. खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जायचं. घोड्याने कान आपल्याकडे वळवले की थांबायचं. त्याला आपला वास घेऊ द्यायचा.
२) खरारा करायचा, आधी मान आणि खांदा. घोड्याने कातडी आखडली की हात हलका करायचा. मूल इथे पहिल्यांदा दुसऱ्याचं शरीर वाचायला शिकतं.
३) दोर धरून चालणं, थांबणं, दोन पावलं मागे घेणं. प्रत्येक वेळी आधी नुसता इशारा, मग हलका स्पर्श, मग थोडा दाब. प्रतिसाद दिसला की लगेच सोडायचं.
४) दहा-पंधरा मिनिटं पुरेत. काहीतरी नीट जमलं की तिथेच थांबायचं.

सुरक्षेत तडजोड नको. डोक्यावर हेल्मेट, पायात बंद बूट. दोर हाताला गुंडाळायचा नाही, घोडा पळाला तर हात अडकतो. धनुर्वाताची लस झालेली आहे ना, ते पाहा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, म्हणून शिकवणी सकाळी लवकरची घ्या. घोड्यासाठी पाणी आणि सावली आहे का, तेही विचारा. जिथे मुलाच्या हातात पहिल्याच दिवशी चाबूक देतात, तिथे नाव घालायच्या आधी दोनदा विचार करा.

आणखी एक. ही रीत म्हणजे लाड नव्हेत. तट्टू मुलाच्या अंगावर रेटत आलं तर त्याला ठामपणे मागे सारायलाच हवं, नाहीतर मुलाचा पाय चिरडेल. दाब द्यायचाच असतो. पण तो रागाचा नसावा, आणि कधी संपणार हे घोड्याला कळलं पाहिजे.

*५. आता आपलं घर*

आपण म्हणतो, "अभ्यासाला बस." मूल बसत नाही. आपण पुन्हा म्हणतो, आवाज चढतो. शेवटी ते उठतं, दप्तर उघडतं. त्या वेळी आपण काय करतो? "आत्ता आठवलं का? रोज हेच! शेजारचा बघ कसा न सांगता बसतो!"

थांबा. मूल पुढे झुकलं होतं. दोर सैल सोडायची वेळ हीच होती, आणि आपण तो आणखी आवळला. ऐकलं तरी बोलणी आणि नाही ऐकलं तरी बोलणी, मग मूल काय शिकणार? हळूहळू त्याला आपला आवाज ऐकूच येईनासा होतो. आपण म्हणतो, "किती निगरगट्ट झालाय!" त्याला बधिर कुणी केलं, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे.

उलट चूकही होते. मोबाइलसाठी मुलाने जमिनीवर लोळण घेतली की कंटाळून आपण मोबाइल देतो. म्हणजे ओढत असतानाच दोर सोडला. उद्या लोळण जास्त वेळ चालेल.

नवरा-बायको, सासू-सून, घरातले म्हातारे आई-वडील यांनाही हेच लागू आहे. समोरच्याने अर्धं पाऊल पुढे टाकलं की आपण जुना हिशोब काढतो. ते अर्धं पाऊल पुन्हा पडत नाही.

*या आठवड्याचा अभ्यास*

• घरातल्या कुणी आपलं ऐकायला नुसती सुरुवात केली, तरी त्या क्षणी गप्प बसायचं. "बरं झालं" एवढंच म्हणायचं. रोज एकदा तरी.
• रात्री मनाशी पाहायचं, आज समोरचा झुकल्यावरही मी ओढत राहिलो असं कुठे झालं?
• मुलांना विचारायचं, "आमचं बोलणं तुला कधी नकोसं होतं?" उत्तर ऐकून घ्यायचं, समजावत बसायचं नाही.

मुलांसाठी प्रश्न: घोडा बोलत नाही, मग त्याला काय हवंय ते आपल्याला कशावरून कळतं? कान, डोळे, कातडी, शेपटी, पाय. यातलं एकेक पाहून चित्र काढा आणि रविवारी घेऊन या.

अनुभव आपापल्या गटप्रमुखांकडे पाठवावेत. दोन ओळी असल्या तरी चालतील.