तोंडपाठ वाक्य आपोआप का येते?

खुलताबादच्या एखाद्या गल्लीत तुम्ही मित्राच्या दाराची कडी वाजवता आणि तोंडून निघून जाते, ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ मित्राचे आडनाव माने नसते. ‘अशी ही बनवाबनवी’ हा चित्रपट तर 1988 सालचा, म्हणजे तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीचा! गावात मराठीच्या जोडीला दखनीही कानावर पडते. त्यामुळे पुढच्याच क्षणी ‘शोले’मधला (1975) एखादा संवादही येतो. ठरवलेले नसताना ही वाक्ये येतात कोठून?

रानातून एकाच मार्गाने रोज माणसे गेली की तेथे पायवाट पडते. मेंदूचेही काहीसे तसेच आहे. ज्या चेतापेशी वारंवार एकत्र उद्दीपित होतात, त्यांच्यातील जोडण्या बळकट होतात, अशी कल्पना कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1949 मध्ये मांडली. पुढे प्रयोगांतून तिला आधार मिळाला. ‘शोले’च्या संवादांची तर स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली होती, ती ऐकून ऐकून अनेकांच्या डोक्यात वाट पक्की झाली. मग बंद दारासारखी एखादी खूण पुरते आणि सबंध वाक्य बाहेर पडते.

असे वाक्य शब्दाला शब्द जुळवून तयार होत नाही. ते एकसंध येते. मेंदूला इजा होऊन ज्यांची वाचा गेली आहे, असे काही रुग्ण नवे वाक्य रचू शकत नाहीत, पण ठरावीक उद्गार सहज काढतात, हे एकोणिसाव्या शतकातच इंग्लंडमधील डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी नोंदवले होते.

चित्रपटाच्या बाबतीत ही गंमत आहे. वर्गात मात्र सावध राहावे लागते. टेबलावर पुस्तक स्थिर आहे. त्याच्या वजनाची प्रतिक्रिया कोणती? ‘क्रिया व प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध असतात’ हे वाक्य लगेच ओठांवर येते आणि पाठोपाठ उत्तर येते: टेबलाने पुस्तकाला वर दिलेला रेटा. हे उत्तर चूक आहे. वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला ओढणे. तेव्हा त्याची प्रतिक्रिया म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला ओढणे. टेबलाचा रेटा वजनाइतकाच असला, तरी ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर लागतात. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर लागते.

पाठांतर वाईट नाही. पायवाटेमुळे श्रम वाचतात. पण ती कोठे नेते, हे पाहायला हवे. यापुढे एखादा नियम आपोआप तोंडी आला, की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा: कोणती वस्तू, कोणत्या वस्तूवर, कोणते बल लावते आहे?