इंजिनाची ओढ का कमी होते? डिझेल पंपाचे दोषनिदान

उन्हाळा तोंडावर आला की पिकांची पाण्याची गरज वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी विहिरीवरील डिझेल इंजिनाविषयी तक्रारी सुरू होतात. 'इंजिन ओढत नाही', 'दम धरत नाही', असे शेतकरी सांगतो. मिस्त्री येतो, हेड उघडतो, रिंगा बदलतो. खर्च होतो, पाण्याच्या दोन पाळ्या चुकतात, आणि पुष्कळदा पाणी पूर्वीइतकेच कमी पडते. निदान होण्यापूर्वीच दुरुस्ती केली जाते, हे त्याचे मुख्य कारण होय. तपासणी बाहेरून आत आणि बिनखर्चाच्या गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे करीत जावी, हा नियम पाळल्यास बराचसा खर्च टळतो.

१. दोष इंजिनात की पंपात?

पाणी कमी येणे आणि इंजिनाची शक्ती कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतीवरील ५ अश्वशक्तीचे एका सिलिंडरचे इंजिन सामान्यतः मिनिटाला १५०० फेरे घेते. फेरे पुरे असून धूर स्वच्छ असेल आणि तरीही पाणी कमी येत असेल, तर दोष बहुधा इंजिनात नसतो. पंपाने ६ ते ७ मीटरपेक्षा अधिक खोलीवरून पाणी ओढावे, अशी अपेक्षा व्यवहारात धरू नये. विहिरीची पातळी खाली गेली की ही मर्यादा ओलांडली जाते. फूट-व्हॉल्व्हच्या जाळीत कचरा अडकणे, शोषण नळीच्या सांध्यातून हवा शिरणे आणि पट्टा घसरणे, हीही नेहमीची कारणे आहेत.

याउलट, पंपाची ग्लँड फार आवळलेली असेल तर चांगले इंजिनही दबते. इंजिन बंद करून पट्टा उतरवावा व पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो जड फिरत असेल तर दोष तेथेच शोधावा.

२. धूर काय सांगतो?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबून तिचे आकारमान मूळच्या सुमारे सोळाव्या ते अठराव्या हिश्शावर आणली जाते. त्यामुळे ती इतकी तापते की नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून पुरेशी हवा, योग्य इंधन आणि पुरा दाब या तिन्हींवर इंजिनाची शक्ती अवलंबून असते.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही. हवा कमी, भार जास्त किंवा नोझल खराब. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला, तर दाब कमी असणे, डिझेल वेळेवर न फवारले जाणे किंवा डिझेलमध्ये पाणी असणे, यांपैकी एखादे कारण संभवते.

३. हवा

काळा धूर दिसल्यास प्रथम एअर क्लीनर पाहावा. त्याची जाळी रॉकेलने धुऊन वाळवावी व तळातील तेल बदलून खुणेपर्यंत भरावे. सायलेन्सरमध्ये काजळी साचली असल्यास ती झाडावी. क्लीनर काढून ठेवून इंजिन चालविण्याची सवय मात्र घातक आहे. धुळीने लायनर व रिंगा लवकर झिजतात.

४. इंधन

इंजिन काही वेळ चांगले चालून मग मंदावत असेल, तर टाकीचे झाकण सैल करून पाहावे. तेवढ्याने ते सुधारले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. त्यानंतर टाकीच्या तळाचे पाणी व गाळ काढावा आणि फिल्टर पाहावा. नळीत हवा धरली असल्यास फिल्टरवरील स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्यावे.

नोझल गळत असल्यास काळ्या धुराबरोबर ठोकाही ऐकू येतो. नोझलची परीक्षा कारखान्यातील यंत्रावरच करावी. त्याचा फवारा अतिशय जोरदार असतो व कातडी भेदून आत जाऊ शकतो. त्यापुढे कधीही हात धरू नये.

५. दाब

येथवर दोष न सापडल्यास इंजिन बंद व थंड असताना, इंधन तोडून, फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवावे. दाबाच्या वेळी ते स्प्रिंगप्रमाणे अडले पाहिजे. विरोध कमी जाणवल्यास फुसफुस कोठून येते ते ऐकावे. ती एअर क्लीनरमधून आल्यास आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आल्यास बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह आणि तेल भरण्याच्या तोंडातून आल्यास रिंगा व लायनर सदोष समजावेत. व्हॉल्व्हचा दोष दिसल्यास आधी टॅपेटची फट कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे आहे की नाही ते पाहावे. हेड उघडण्याची वेळ त्यानंतर येते.

६. विहिरीत उतरविलेले इंजिन

पाणी खाली गेले म्हणून काही ठिकाणी इंजिनच विहिरीत उतरविले जाते. तेथे ते स्वतःचाच धूर पुन्हा आत ओढते, काळे ओकू लागते आणि मंदावते. इंजिनाला हवा पुरत नाही, याचा अर्थ तेथे माणसालाही ती पुरणार नाही. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग व वास नसतो. अशा इंजिनाच्या दुरुस्तीसाठी विहिरीत उतरणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण होय. आत कोणी बेशुद्ध पडल्यास दुसऱ्याने तसेच उतरू नये. अग्निशमन दलास बोलवावे. पडलेल्याच्या अंगाला आधीच दोर बांधलेला असेल तरच त्याला वरून ओढून घ्यावे. इंजिन विहिरीबाहेरच ठेवावे, हाच सुरक्षित मार्ग होय.

प्रत्येक इंजिनासाठी एक वही ठेवावी. तेल व फिल्टर बदलल्याची तारीख, तासाला लागलेले डिझेल आणि धुराचा रंग तीत लिहावा. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम नोंदवावा. शिक्षकांनी ही पद्धत विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष इंजिन दाखवून समजावून दिल्यास विज्ञानाचा एक उत्तम पाठ होईल, आणि घरोघरी निदान करणारी माणसे तयार होतील.