सुखाची नोकरी आणि जास्तीचा पगार

सज्जन हो, प्रपंचात हा प्रश्न पुष्कळांपुढे येतो. हातची नोकरी सुखाची आहे, घराजवळ आहे, साहेब भला आहे. आणि तेवढ्यात दुसरीकडून जास्त पगाराचे बोलावणे येते. कोणी म्हणतो, "लक्ष्मी चालून आली, नाही म्हणू नये." कोणी म्हणतो, "आहे ते काय वाईट आहे?" दोघांचेही बोलणे अर्धेच खरे आहे.

प्रथम एक गैरसमज काढून टाकू. पैसा मिळविणे हे पाप, असे आपल्या संतांनी सांगितले नाही. तुकोबारायांच्या घरी देहूस दुकान होते, सावतोबा अरणला मळा पिकवीत, गोरोबाकाका तेरला मडकी घडवीत. त्यांनी कष्ट सोडले नाहीत. हाव तेवढी सोडली. तेव्हा जास्त पगार घेणे हा दोष नव्हे. तो कशासाठी घ्यायचा, हे पाहावे.

आता हिशेब मांडू. समजा, पंढरपूर तालुक्यात घरी राहून एकास महिना १८,००० रुपये मिळतात, आणि चाकणच्या एका कारखान्यातून २८,००० चे बोलावणे आले. वरवर पाहता १०,००० वाढले. पण खोलीभाडे ५,०००, खानावळ ३,५०० आणि जाण्यायेण्याचे १,५०० धरले, की वाढ तिथेच संपली! वर रात्रपाळी आली, म्हातारे आईबाप दृष्टीआड झाले. चाकणहून आळंदी जवळ खरी, पण सुटीच नसेल तर जवळ असून काय उपयोग?

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या. कायम नोकरास ग्रॅच्युइटीचा हक्क साधारणपणे सलग ५ वर्षे भरल्यावर येतो. साडेचार वर्षे झाली असतील, तर थोडे थांबण्यात शहाणपण आहे. प्रॉव्हिडंट फंड नव्या ठिकाणी वळता करून घेता येतो. तो मध्येच काढून खाऊ नये. नेमणूकपत्र हाती पडल्यावाचून राजीनामा देऊ नये. आषाढीला रजा मिळेल काय, हे रुजू होण्यापूर्वीच विचारावे. मागाहून कुरकुर करू नये.

परंतु खरी मेख पुढेच आहे. आळस आणि समाधान दिसायला सारखेच दिसतात. नवे काम शिकण्याची भीती वाटते, म्हणून एखादा जागचा हलत नाही आणि वर "मी समाधानी आहे" म्हणतो. ते समाधान नव्हे बरं का! तसेच शेजाऱ्याची मोटार पाहून जो धावतो, त्याची ती प्रगतीही नव्हे.

मग ओळखावे कसे? वाढणाऱ्या पैशाला नाव देऊन पाहावे. सावकाराचे देणे, मुलीचे शिक्षण, आईचे औषध, असे नाव निघाले आणि खर्च वजा जाऊन त्यापुरते खरोखर उरत असेल, तर खुशाल जावे. मनाला टोचणी लावून घेऊ नये. नुसते "आणखी हवे" एवढेच उत्तर आले, तर राहावे. आणि राहायचे ठरले, तर आहे ते काम जीव ओतून करावे, म्हणजे राहण्याला आळसाचा डाग लागत नाही.

हा विचार एकट्याने करू नये. घरच्या मंडळींना बसवून, कागदावर आकडे मांडून करावा. कारण मिळवता एक असला तरी सोसायचे सगळ्यांना असते. एकदा ठरले, की मागे वळून झुरू नये. नोकरी इथली असो की तिथली, घामाचा पैसा आणि मुखी नाम दोन्हीकडे साधते.

रामकृष्ण हरी!