आपला अर्धविराम आणि त्यांचा

काल तू दारातून आत आलीस तेव्हाच कळलं मला, काहीतरी बिनसलंय. चहा निम्मा तसाच ठेवलास. मग बॅगेतून प्रबंधाची पानं काढलीस आणि माझ्यापुढे सरकवलीस. समासात आठ ठिकाणी एकच शेरा होता, 'कॉमा स्प्लाइस'. आणि तीन अर्धविरामांभोवती लाल गोल. "ताई, मला इंग्रजी येतच नाही का गं?" असं म्हणालीस. तुझा गळा भरून आला होता, म्हणून मी तेव्हा फार बोलले नाही. आज सावकाश सांगते.

तुला इंग्रजी येतं, चांगलं येतं. ते शेरे काढून बाजूला ठेवले तर तुझं लिखाण नेटकं आहे. चुकतंय ते एवढंच, की मराठीतल्या दोन सवयी तू इकडे घेऊन आलीस. मराठीत त्या अगदी बरोबर आहेत, त्यामुळे त्या सवयी आहेत हेच आपल्या लक्षात येत नाही.

पहिली स्वल्पविरामाची. "पाऊस आला, मी भिजले, घरी येऊन चहा केला." यात कुणाला काही खटकणार नाही. आपल्याकडे वाक्यं अशीच एकमेकींचा हात धरून चालतात. इंग्रजीत मात्र "द बस वॉज लेट, आय वॉक्ड" लिहिलंस की लाल पेन आलंच, हाच तो 'कॉमा स्प्लाइस'. दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आहे, स्वतःचं क्रियापद आहे, म्हणजे ती दोन पूर्ण वाक्यं झाली, आणि दोन पूर्ण वाक्यं जोडणं हे एकट्या स्वल्पविरामाचं काम नाही असं इथे मानतात. तिथे पूर्णविराम दे, किंवा स्वल्पविरामापुढे 'सो' घाल, किंवा अर्धविराम दे: "द बस वॉज लेट; आय वॉक्ड."

दुसरी सवय या अर्धविरामाचीच, आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. शाळेतलं व्याकरण आठव. दोन छोटी वाक्यं उभयान्वयी अव्ययाने जोडलेली असतील तर अर्धविराम द्यावा, हे आपण घोकलेलं. "ढग दाटून आले; पण पाऊस पडला नाही." पैकीच्या पैकी गुण! तेच तू इथे केलंस, तिन्ही ठिकाणी 'बट'च्या आधी अर्धविराम दिलास. आजच्या इंग्रजीत नियम जवळपास उलटा आहे. जोडणारं अव्यय नसेल तेव्हाच अर्धविराम येतो. 'अँड', 'बट', 'सो' आलं की अर्धविरामाने उठून स्वल्पविरामाला जागा द्यायची.

मग आपल्या बाईंनी चुकीचं शिकवलं का? मुळीच नाही. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले कँडी तेच. त्यांचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक १८५०चं. त्याआधी पोथ्यांमध्ये दंड असायचे आणि मोडीत तर शब्दांमध्येही जागा सोडत नसत. कँडींच्या काळातल्या इंग्रजीत 'बट'च्या आधी, 'अँड'च्या आधी अर्धविराम सर्रास असायचा, त्या शतकातली कुठलीही कादंबरी उघडून बघ. म्हणून मला वाटतं, आपल्या शाळेतला नियम म्हणजे तेव्हाच्या इंग्रजीचीच आठवण आहे. पुढे इंग्रजी बदलली, आपण जपून ठेवलं. तुझ्या त्या तीन चुका दीडशे वर्षांपूर्वी चुका ठरल्या नसत्या, हे मनात असू दे.

आणि तू राहतेस त्या गावातच आणखी एक साक्ष आहे. (रीडिंग लिहायचं आणि रेडिंग म्हणायचं, हे एव्हाना तुझ्या जिभेवर बसलंच असेल.) फॉर्बरी गार्डन्सच्या शेजारी ॲबीची जुनी वेस उभी आहे ना, तिथल्या मुलींच्या शाळेत १७८५-८६मध्ये जेन ऑस्टिन शिकायला होती. वय नऊ-दहा. सोबत मोठी बहीण कॅसँड्रा. जेन तशी लहान होती, पण ताई जाणार तर मीही जाणार, असा तिचा हट्ट होता म्हणतात. तिच्या छापील कादंबऱ्या अर्धविरामांनी भरलेल्या आहेत. हस्तलिखितांत मात्र डॅशच डॅश, आणि विरामचिन्हं बरीच सैल. छापील पानांवरचा तो नेटकेपणा बऱ्याच अंशी संपादकाच्या हातचा असावा, असं ऑक्सफर्डच्या प्राध्यापक कॅथरिन सदरलँड यांनी २०१०मध्ये मांडलं. विल्यम गिफर्ड हे त्यांनी सुचवलेलं नाव. मला याचा फार आधार वाटतो गं. जिची भाषा सगळं जग वाचतं, तिच्याही पानांवरून दुसऱ्याची नजर फिरली असेल, तर तू तुझी पानं कुणाला दाखवायला का लाजतेस?

आता 'हाऊएव्हर'. आपल्या सगळ्यांचा पाय इथेच घसरतो. 'हाऊएव्हर म्हणजे तथापि' असं पाठ केल्यामुळे आपण ते 'बट'सारखंच वापरतो. पण इंग्रजीत ते क्रियाविशेषण आहे, वाक्यं जोडायची ताकद त्यात नाही. म्हणून त्याच्या आधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम: "द सॅम्पल वॉज स्मॉल; हाऊएव्हर, द ट्रेंड वॉज क्लिअर." 'बट' वापरलास तर नुसता स्वल्पविराम: "द सॅम्पल वॉज स्मॉल, बट द ट्रेंड वॉज क्लिअर." 'देअरफोर'चंही तसंच. तुझ्या आठ शेऱ्यांपैकी पाच याच दोन शब्दांपाशी आहेत, मी मोजले.

ओळखायचं कसं? अर्धविरामाच्या डावीकडचा मजकूर बोटाने झाक आणि उजवीकडचा वाच. मग उजवीकडचा झाक. दोन्ही वेळा पूर्ण वाक्य उरलं पाहिजे. मी इथे आले त्या वर्षी नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, "विथ फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स; आय कॅन लीड अ टीम." अर्धविराम दिला की भारदस्त दिसतं, अशी माझी समजूत होती. उजवा भाग उभा राहतो, डावा लटकतो. पुढे एका सहकारी बाईंनी शांतपणे दाखवून दिलं तेव्हा कळलं. तोवर तसेच किती अर्ज गेले असतील याची आजही हळहळ वाटते, म्हणून तुला आत्ताच सांगतेय.

बोटाची परीक्षा पास झाली तरी थांब. ती दोन वाक्यं खरंच एकमेकींना बिलगून आहेत का? एकीमुळे दुसरी घडली, किंवा दोघी समोरासमोर उभ्या आहेत, असं असेल तर अर्धविराम शोभतो. नाहीतर सरळ पूर्णविराम दे. पूर्णविरामावर कुणी लाल गोल काढलेला मी पाहिलेला नाही.

यादीतला वापर सोपा आहे. नगांच्या आतच स्वल्पविराम असतील तर नग वेगळे करायला अर्धविराम घ्यायचा. सीव्हीत लिहिशील ना, "पुणे, इंडिया; रीडिंग, यूके; डब्लिन, आयर्लंड", तसं. इथे मात्र बोटाची परीक्षा लावू नकोस, तो वेगळा उपयोग आहे. आणि यादी सुरू करताना, 'द फॉलोइंग'नंतर, अर्धविराम कधीच नको. तिथे कोलन.

तपासून देणाऱ्या ॲपवर विसंबू नकोस हं. ते चिन्ह बदलून देतं आणि तू 'ॲक्सेप्ट' दाबतेस. पुढच्या पानावर चूक तिथेच. आधी स्वतः बोट ठेव, मग ॲपला विचार.

एका पानात एखाददुसरा अर्धविराम पुरे. अख्ख्या पानात एकही नसला तरी काही बिघडत नाही. प्रबंधात बघायचंय ते तुझं म्हणणं, आणि ते तुझ्याकडे आहे.

रविवारी ये. दुसरं प्रकरण छापून आण, स्क्रीनवर नको. 'हाऊएव्हर' आणि 'देअरफोर' जिथे जिथे आलेत तिथे येण्याआधीच खुणा करून ठेव. मी पोहे करते आणि आपण दोघी बसून एकेक वाक्य बघू.