शेकरूच्या वाटेने एक फेरी

भीमाशंकर म्हटले की आपल्याला ज्योतिर्लिंग आठवते आणि श्रावणी सोमवारची गर्दी आठवते. दर्शन झाले, प्रसाद बांधून घेतला, की मंडळी पायऱ्या चढून परत गाडीत बसतात. देवळाच्या पाठीमागे जे रान सुरू होते त्यात फारच थोडे लोक पाऊल टाकतात. त्या रानातल्या एका सोप्या फेरीविषयी मला लिहायचे आहे. ही फेरी आमच्या भूगोलाच्या सरांच्या सहा वर्षांच्या मुलीने एकदाही कडेवर न बसता पुरी केली, यावरून ती किती सोपी आहे ते वाचकांनी ताडावे.

देवळामागून ओढ्याच्या कडेने गुप्त भीमाशंकरापर्यंत जायचे आणि परतताना साक्षी विनायकावरून यायचे, अशी ही वाट. अंतर सारे मिळून चारेक किलोमीटर. देवळापाशी उगम पावलेली भीमा लुप्त होते आणि येथे पुन्हा प्रकट होते अशी श्रद्धा आहे, म्हणून हे नाव. पुढे पंढरपुरात जिला चंद्रभागा म्हणतात ती हीच. येथे मात्र ती एका उडीत ओलांडता येते.

गेल्या डिसेंबरात सर, बाई, त्यांची मुलगी, आम्ही तिघी विद्यार्थिनी आणि माझी आई, असे सातजण निघालो. आईला मी आणले नव्हते. सरांनी आग्रह केला. आमचे गाव याच डोंगरांत, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहे. आई उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करते, वाळवते आणि विकते. माझी पहिल्या वर्षाची फी त्यातूनच भरली होती. वर्गात मात्र मी "शेती आहे" एवढेच सांगत असे.

हे रान अभयारण्य म्हणून 1985 साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 130 चौरस किलोमीटर आहे. त्याची ओळख म्हणजे शेकरू, आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेकरू ही खारच, पण नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत सुमारे तीन फूट लांब. पाठ तांबूस, पोट फिकट, शेपूट झुबकेदार. ती जमिनीवर क्वचितच उतरते. या झाडावरून त्या झाडावर वीस फुटांपर्यंत झेप घेते. म्हणून तिला नुसती झाडे असून भागत नाही, फांदीला फांदी लागलेली असावी लागते. मधली चार झाडे तोडली तर आपल्याला ती मोकळी जागा दिसते, शेकरूच्या दृष्टीने मात्र रस्ताच तुटलेला असतो.

पहिला अर्धा तास आम्हाला काहीच दिसले नाही. सरांच्या गळ्यात दुर्बीण होती. आम्ही सगळ्या माना वर करून चाललो होतो आणि मुळांना ठेचा खात होतो. आई मागून येत होती. ती एकदम म्हणाली, "गुरुजी, वर काय बघताय? आदी खाली बघा."

खाली अर्धवट कुरतडलेली उंबरे पडली होती, कुरतडलेली बाजू अजून ओली. शेजारी चार-सहा हिरव्या डहाळ्या. वाऱ्याने मोडलेली डहाळी चिरफळते, या मात्र दातांनी कातरल्यासारख्या तिरक्या तुटल्या होत्या. शेकरू घरटे बांधायला अशा डहाळ्या तोडते आणि काही हातच्या निसटतात. आईने मग कोठे पाहायचे ते बोटाने न दाखवता हनुवटीने दाखवले, कारण हात उचलला की जनावर दडते. जांभळीच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात, काटक्यापानांचा मोठा गोळा होता. बिबट्याला किंवा माकडाला सहज पोहोचता येणार नाही अशीच जागा ती निवडते. एकेका शेकरूची अशी अनेक घरटी असतात, त्यामुळे घरटे दिसले म्हणजे आत शेकरू आहेच असे समजू नये.

आम्ही खाली बसलो. बसणे फार महत्त्वाचे आहे. मुलांना घेऊन रानात जाणाऱ्यांनी चालण्यापेक्षा बसण्याला जास्त वेळ ठेवावा, आणि निघावे पहाटे, कारण दुपारी शेकरू झोप काढते. दहा मिनिटांनी वर खडखड असा आवाज झाला. मुलीने आधी पाहिले. शेकरू फांदीला पोट चिकटवून पडली होती, शेपूट खाली लोंबत होते. आम्ही हललो नाही, तेव्हा ती उठली आणि पुन्हा खाऊ लागली. त्याच उंबरावर हरियालांचा थवा होता, पण पानांत पानांसारखाच. तो उडाल्यावरच कळला.

पुढे ओढ्याच्या ओल्या मातीत भेकराच्या खुरांचे ठसे मिळाले. अंजनीच्या गर्द सावलीत बाईंनी आईला विचारले, "मावशी, तुम्हाला हे सगळं कुणी शिकवलं?"

आई म्हणाली, "भ्यानं शिकीवलं."

याच डोंगरात ती मोळीसाठी येत असे. एकदा एका खाकीतल्या माणसाने तिची मोळी सोडायला लावली आणि कोयता ठेवून घेतला. तेव्हापासून ती पाचोळ्यावर आवाज न करता चालायला शिकली. मी तेव्हा तिसरीत होते. नवा कोयता येईपर्यंत शेजारून मागून आणावा लागे, हे मला आठवत होते, पण कारण त्या दिवशी कळले. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला, हे मी राज्यशास्त्रात वाचले आहे. परीक्षेत त्यावर टीपही लिहिली होती. रान राखायला हवे, मोळ्यांनी फांद्यांचा रस्ता तुटतो, हेही खरेच. पण आम्ही बूट घालून, दुर्बीण घेऊन आलो तर तो निसर्गाभ्यास, आणि ती अनवाणी आली तर गुन्हा, हा हिशेब मला अजून जुळवता आलेला नाही.

साक्षी विनायकापाशी पोहोचेपर्यंत तीन तास झाले होते. वाटेत प्लॅस्टिकच्या बाटल्या फार. वानरे त्यांच्याशीच खेळत होती.

सर म्हणाले, "मावशी, पुढच्या वर्षीही यायचं हं."

"येईन की. पर त्या दिसाचा रोज बुडतो, गुरुजी."

सहलीचा जमाखर्च माझ्याकडे असतो. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात मी 'वाटाड्याची मजुरी' असा एक नवीन रकाना घातला आहे. त्याला मंजुरी अद्याप यायची आहे.