काशीयात्रेस निघणारा कुत्रा आणि परतीचे गोचीड

खरिपाची मळणी उरकून रब्बीची पेरणी मार्गी लागली, की विदर्भातील अनेक शेतकरी कुटुंबे काशीयात्रेस निघतात. सिवनी, जबलपूर, रीवा, मिर्झापूर या मार्गाने स्वतःच्या वाहनातून जाणाऱ्या कुटुंबाचा राखणीचा कुत्राही कधी सोबत असतो. मागे त्याला भाकरी घालण्यास कोणी उरत नाही, हे त्याचे साधे कारण. अशा कुटुंबाने सल्ला विचारला, तर विस्तार कार्यकर्त्याने प्रथम गोचिडांचा विषय काढावा.

नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला भोसले घाट मणिकर्णिकेच्या उत्तरेस, शिंदे घाटाच्या पुढे आहे. तेथवर वाहन जात नाही. अरुंद गल्ल्यांतून, मोकाट गाई व कुत्र्यांमधून वाट काढत पायीच जावे लागते. कुत्रा हे काळभैरवाचे वाहन असल्याने काशीत त्याला खाऊ घालणारे पुष्कळ, आणि जेथे अन्न तेथे कुत्र्यांचा जमाव ठरलेला. दगडी भिंतींच्या सांधी व फटी या कुत्र्यावरील तपकिरी गोचिडास (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) विशेष मानवतात. अळी, अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्थांत तो रक्त पिण्यापुरता कुत्र्यावर चढतो. प्रत्येक वेळी पोट भरले की खाली उतरून फटीत दडतो व तेथेच कात टाकतो. रक्त पिऊन फुगलेली एक मादी हजारांवर अंडी घालते. अशी एक मादी अंथरुणातून घरी आली, तर काही महिन्यांत घराच्या भिंती व कुत्र्याची जागा गोचिडांनी भरून जाऊ शकते. याच गोचिडाद्वारे एर्लिकिया व बबेसिया हे रक्तातील रोगजंतू कुत्र्यात शिरतात.

औषधाची निवड प्रवासाच्या स्वरूपावर करावी. मानेवर थेंब टाकण्याच्या फिप्रोनिलसारख्या औषधानंतर किमान दोन दिवस, तसेच ते लावण्यापूर्वीही दोन दिवस, कुत्र्यास अंघोळ घालू नये. घाटावर नेलेला कुत्रा मात्र पाणी दिसताच पायऱ्या उतरणार! शिवाय फिप्रोनिल व कृत्रिम पायरेथ्रॉइड पाण्यातील कीटकांस अत्यंत विषारी असल्याने असा कुत्रा नदीत उतरणे पाण्याच्याही हिताचे नाही. म्हणून या प्रवासासाठी पोटात द्यावयाची गोळी अधिक सोयीची ठरते. अफॉक्सोलॅनरचा परिणाम सुमारे महिनाभर, तर फ्लुरालॅनरचा सुमारे बारा आठवडे टिकतो. गोचीड चावल्यानंतरच ही गोळी त्यास मारते. त्यामुळे अंगावर एखादा गोचीड दिसला म्हणजे औषध फसले असे मानू नये. फेपरे येणाऱ्या कुत्र्यास ही गोळी पशुवैद्यकास विचारल्याखेरीज देऊ नये.

येथे एका घातक प्रथेचा उल्लेख आवश्यक आहे. पिकावर फवारावयाचे फिप्रोनिल किंवा गोठ्यात वापरावयाचे गोचीडनाशक अंदाजाने पातळ करून कुत्र्यास चोळले जाते. सक्रिय घटकाचे नाव एकच असले तरी तीव्रता आणि द्रावक वेगळे असतात. कुत्रा अंग चाटतो आणि विष पोटात जाते. भाताच्या बांधावरची बाटली कुत्र्यासाठी कधीही उघडू नये.

रेबीजची लस पूर्वी कधीच दिलेली नसेल, तर ती निघण्यापूर्वी किमान एक महिना द्यावी. संरक्षण निर्माण होण्यास तेवढा अवधी लागतो. वाटेत मोकाट कुत्रा चावल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन लगेच पशुवैद्यकाकडे जावे. माणसास चावा बसला तरी जखम तशीच धुऊन तातडीने रुग्णालय गाठावे. रेल्वेने जाणाऱ्यांनी आधी पार्सल कार्यालयात चौकशी करावी. वातानुकूलित प्रथम वर्गाचा संपूर्ण कक्ष आरक्षित असेल तरच कुत्रा मालकाजवळ राहू शकतो, एरवी तो ब्रेकव्हॅनमधील पेटीतून जातो. लसीकरणाची वही व आरोग्य प्रमाणपत्र जवळ असावे.

सामानात गोणपाट नको. त्याच्या विणीत गोचिडाची अर्भके सहज लपतात. त्याऐवजी फिक्या रंगाच्या दोन सुती चादरी घ्याव्यात, म्हणजे तपकिरी ठिपका लगेच नजरेस पडतो. बारीक फणी, टोकदार चिमटा, साबणाच्या पाण्याची झाकणाची बाटली, पट्टा, मुसके आणि पाण्याचे स्वतंत्र भांडे एवढे पुरे. रोज रात्री कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत व मानेखाली तपासावे. गोचीड त्वचेलगत चिमट्यात धरून सरळ ओढावा आणि बाटलीत टाकावा. रॉकेल, जळती काडी किंवा नखांनी चिरडणे हे सर्व टाळावे.

पूर्व उत्तर प्रदेशात काळा आजार आढळतो म्हणून काही जण कुत्रा नेण्यास कचरतात. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात कुत्रा हा लिशमॅनिया परजीवीचा साठा असतो, हे खरे. भारतातील काळा आजार मात्र वालुमाशीमार्फत माणसाकडून माणसाकडे जातो. त्या भीतीने कुत्र्यास घरी ठेवण्याचे कारण नाही.

परतल्यावर चादरी घरात नेण्यापूर्वी कढत पाण्यात भिजवाव्यात आणि वाहनातील आसनांच्या फटी झाडून घ्याव्यात. एर्लिकियाची लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसू लागतात. ताप, सुस्ती, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त यांपैकी काहीही आढळल्यास रक्ततपासणी करून घ्यावी, आणि कुत्रा काशीस जाऊन आला आहे हे पशुवैद्यकास आवर्जून सांगावे.