सिमेंटचा बगळा

उमापूर हे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्याचे एक गाव. माझे बालपण तेथे गेले. एका वैशाखात घराच्या बांधकामातून उरलेले अर्धे पोते सिमेंट पडवीच्या कोपऱ्यात पडून होते. ते पाहून परसातील फुलझाडांमध्ये आपल्या हाताने घडविलेला एक बगळा उभा करावा, असे माझ्या मनाने घेतले.

सळई वाकवून मी पाय व मान तयार केली. पोटासाठी बारीक लोखंडी जाळीची गुंडाळी केली, ती तारेने सळईस बांधली आणि त्यावर सिमेंट-वाळूचा लेप थापला. बगळा खरोखरच बगळ्यासारखा दिसू लागला! तो लवकर वाळावा म्हणून मी त्यास भर उन्हात ठेवले. तिसऱ्या दिवशी पाहतो तो मानेला तडा गेलेला आणि पंखाचा लेप पापुद्र्यासारखा सुटलेला. बोट लावताच त्याची भुकटी होऊ लागली.

शेजारी एक वृद्ध गवंडी राहत असत. त्यांनी तो ढलपा हातात घेऊन चुरगळला व ते हसले.

"अरे बाळ, याला उन्हात कशाला ठेवलेस?"

"काका, वाळल्याशिवाय ते घट्ट कसे होणार?"

"चिखल वाळून घट्ट होतो. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होते. तू त्याला तहानलेलेच ठेवलेस!"

गवंडीकाकांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. सिमेंट आणि पाणी यांचा रासायनिक संयोग होऊन नवे कठीण पदार्थ बनतात, आणि ही क्रिया पुष्कळ दिवस चालू राहते. पाणी उन्हाने उडून गेले, की ती अर्ध्यावरच थांबते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर हे फारच त्वरेने घडते.

दुसऱ्या खेपेस काकांनी मला प्रथम वाळू चाळून धुवावयास लावली. कारण वाळूत माती राहिली तर सिमेंट तिला नीट धरीत नाही. मग एक घमेले सिमेंटास तीन घमेली वाळू, आणि पाणी बेताचेच. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवावयाचा. पहिला थर ओला असतानाच त्यावर खिळ्याने ओरखडे काढले, म्हणजे दुसरा थर त्यास घट्ट बिलगतो. हे काम उघड्या हातांनी मात्र करू नये. ओले सिमेंट कातडी भाजून काढते. म्हणून हातात रबरी मोजे असावेत, आणि कोरडे सिमेंट ओतताना नाकातोंडास फडके बांधावे. पुढे सात दिवस बगळा सावलीत, ओल्या गोणपाटाखाली राहिला. सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारण्याचे काम माझे होते.

लोखंड आणि सिमेंट यांची ही जोडी वाढली तीही बागेतच, हे पुष्कळांस ठाऊक नसते. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. कुंड्या वारंवार फुटतात म्हणून त्याने सिमेंटात लोखंडी जाळी घालून कुंड्या केल्या आणि 1867 साली त्यांचे पेटंट घेतले. आजचे पूल आणि उंच इमारती याच जोडीवर उभ्या आहेत.

आपल्या देशात या छंदाचे सर्वांत मोठे नाव म्हणजे नेकचंद. हे चंदीगड येथे सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. 1957 च्या सुमारास, कचेरीचे काम संपल्यावर, सुखना तलावाजवळच्या झाडीत ते एकटेच मूर्ती घडवू लागले. नव्या शहरासाठी पाडलेल्या खेड्यांतील मोडके सामान ते सायकलवरून आणीत. जुन्या सायकलींचे सांगाडे मूर्तींची हाडे झाले, आणि फुटक्या बांगड्या त्यांची वस्त्रे. जागा सरकारी राखीव रानाची होती. तेथे काहीही बांधण्यास मनाई होती. म्हणून सुमारे 18 वर्षे हे काम गुपचूप चालले. अखेर अधिकाऱ्यांनी ते पाहिले, तेव्हा सारे पाडून टाकावे की काय, असा प्रश्न उभा राहिला. लोकांनी बागेची बाजू घेतली आणि 1976 साली ती सर्वांस खुली झाली. पुढे 1990 साली रस्त्यासाठी बागेवर यंत्रे चालून आली, तेव्हा नागरिक हातात हात गुंफून त्यांच्यासमोर उभे राहिले. नेकचंद 2015 साली वारले. बाग उभी आहे.

महाराष्ट्रात अशा मूर्ती पाहावयाच्या असतील तर कोल्हापूरजवळ कणेरी मठावर जावे. तेथील सिद्धगिरी संग्रहालयात शेतकरी, कुंभार, लोहार, सुतार अशी सारी खेडीच सिमेंटात उतरली आहेत. अर्थात ते कसबी कारागिरांचे काम. हौशी माणसाने त्याकडे पाहून शिकावे.

माझा दुसरा बगळा बरीच वर्षे टिकला. पुढे एका पावसाळ्यात त्याची चोच उकलली. चोचीवरचा लेप मी फार पातळ दिला होता. त्यातून पाणी आत झिरपले, सळई गंजली, आणि गंजाने फुगून तिनेच वरचे सिमेंट फोडले. मी गंज खरवडून काढला, नवा जाड लेप दिला आणि पुन्हा सात दिवस त्यावर पाणी मारीत बसलो. तेव्हापासून त्या बगळ्याची चोच जरा जाडच दिसते.